एका बांधणीतले चार विभाग

आपल्या जुन्या घराण्यांत कागद जपण्याची रीत आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादीतील घरांच्या माळ्यांवर मोडी दस्त, देवस्थानाच्या जमाखर्चाच्या वह्या, तांबड्या फडक्यात बांधलेल्या पोथ्या आजही सापडतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती गेला. राज्य बदलले, कागद टिकले. परंतु त्याच घरातील मुलगा वा मुलगी ज्या महाविद्यालयात शिकली, तेथील वार्षिकांक मात्र सहसा सापडत नाही. रद्दीच्या गठ्ठ्यात तो सर्वांत आधी जातो. विद्यार्थ्यांचे लेखन म्हणजे होतकरूंची हौस, अशी आपली समजूत असते. ही समजूत आम्हांला मान्य नाही.

गोव्यातील मुद्रणाचा आरंभच मुळी विद्यार्थ्यांच्या कागदांनी झाला. १५५६ साली जुन्या गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात मुद्रणयंत्र आले. युरोपीय पद्धतीने खिळे जुळवून छापणारे भारतातील ते पहिले यंत्र. त्यावर प्रथम छापली गेली ती विद्यार्थ्यांनी वादसभेत मांडावयाची प्रमेये. हेतू धर्मप्रसाराचा होता, हे खरे. तरीही विद्यार्थ्याने एखादे विधान मांडावे, ते छापून चारचौघांसमोर यावे आणि त्याने त्याचे समर्थन करावे, ही गोष्ट आपल्या भूमीत इतकी जुनी आहे. त्या प्रमेयांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

मराठीतही असेच घडले. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी आपल्या गुरुजनांच्या साह्याने १८४८ साली एक सभा स्थापन केली. तिच्या मराठी शाखेचे, उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होते. या शाखेचे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० साली निघाले. सभेत निबंध वाचावा आणि मासिकात तो छापावा, असा क्रम होता. याच मंडळींनी मुंबईत मुलींच्या शाळाही काढल्या. लेखणी हाती घेतलेला विद्यार्थी केवळ लिहून थांबत नाही, हे तेव्हाच दिसून आले होते.

गोमंतकीयांचा विचार करता कोइंब्रा विद्यापीठाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. पोर्तुगालमधील त्या जुन्या विद्यापीठात शिकणाऱ्या आदेओदातो बार्रेतो, तेलो मास्कारेन्हस आदी तरुणांनी १९२८ साली ‘इंदिया नोव्हा’, म्हणजे ‘नवा भारत’, हे पत्र काढले. ते जेमतेम वर्षभर चालले. परंतु राज्यकर्त्यांच्या विद्यापीठात बसून, राज्यकर्त्यांच्याच भाषेत, भारताच्या संस्कृतीचा अभिमान सांगण्याचे धैर्य त्या मुलांनी दाखविले. बार्रेतो १९३७ साली ऐन तारुण्यात गेले. मास्कारेन्हस यांनी पुढे मुंबईहून गोवामुक्तीचे पत्र चालविले आणि त्यापायी पोर्तुगालच्या तुरुंगात वर्षे काढली. अल्पायुषी पत्रानेही माणसे घडतात, ती अशी.

आपल्या तालुक्यांतील मुलांना ही संधी फार उशिरा लाभली. मुक्तीपूर्वी गोव्यात कला वा विज्ञान शाखेची पदवी देणारे महाविद्यालय नव्हते. ज्याची ऐपत असे, तो मुंबई, पुणे, बेळगाव गाठी. इतरांचे शिक्षण मराठी शाळेतच संपे. छापण्याचे म्हणाल, तर सालाझारच्या राजवटीत लग्नपत्रिकाही तपासनिसाच्या नजरेखालून जात असे. १९६२ साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली सुरू झाली. पुढे १९८५ साली ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ उभे राहिले. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या केवळ जमाखर्च लिहिला गेला, त्या घरांतील मुलांचे नाव प्रथमच लेखक म्हणून छापले गेले, ते महाविद्यालयाच्या वार्षिकांकात.

आम्ही त्याच पिढीतले. पेडण्याहून सकाळची बस पकडून कोलवाळची नदी ओलांडावी आणि महाविद्यालय गाठावे, असा आमचा नेम होता. वार्षिकांकाच्या मराठी विभागाचे काम आमच्याकडे आले, तेव्हा त्या अंकाची रचनाच आम्हांला प्रथम शिकवून गेली. मराठी, कोंकणी, इंग्रजी आणि हिंदी असे चार विभाग, चार विद्यार्थी-संपादक. मात्र दोरा एक आणि मुखपृष्ठ एक. मुद्रणालय पणजीस होते. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला आणि त्यानंतर मुद्रिते आणण्यासाठी बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहण्यात आमचे तासन्‌तास जाऊ लागले. कोंकणी विभागाची संपादिका आणि आम्ही एकाच बाकावर बसून परस्परांची मुद्रिते तपासत असू. जुळाऱ्याच्या नजरेतून निसटलेली वेलांटी दोघांनाही सारखीच खुपे.

त्याच वर्षी भाषावाद पेटला. डिसेंबरात रस्ते अडले, झाडे आडवी झाली, माणसे प्राणास मुकली. आमच्या घरांत मराठीचा प्रश्न हा अस्तित्वाचा प्रश्न होता. तिच्या घरात कोंकणीचा तितकाच. आमच्या विभागात मराठीच्या बाजूने एक लेख होता, तिच्या विभागात कोंकणीच्या बाजूने. दोन्ही लेख सडेतोड होते, पण शिवीगाळ कशातच नव्हती. वरिष्ठांनी दोन्ही वगळले. ‘वातावरण बरे नाही’ एवढेच कारण मिळाले. मग दोन्ही लेख मोठ्या कागदांवर सुवाच्य अक्षरात उतरवून आम्ही सूचनाफलकावर शेजारीशेजारी लावले. बाहेर जी माणसे परस्परांचे तोंड पाहत नव्हती, त्यांची मुले त्या फलकापुढे उभी राहून दोन्ही कागद वाचत होती. दुपारपर्यंत ते उतरविले गेले. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा संमत झाला आणि ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले. अंक त्यानंतर यथावकाश निघाला. त्यात या साऱ्याचा मागमूस नव्हता.

त्याच अंकात डिचोली तालुक्यातील एका मुलाचा लेख मात्र सुटला. खाणीवरून पावसाळ्यात वाहून येणारा तांबडा गाळ आईच्या भातशेतीत कसा साचतो, हे त्याने चार पानांत लिहिले होते. त्यात आकडेवारी नव्हती, घोषणा नव्हती. पुढे २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि त्या विषयावर पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्या शेताच्या बांधावरून लिहिलेला तो लेख आम्हांला अद्याप अधिक खरा वाटतो.

अशा लेखनातून काय निपजू शकते, याची साक्ष मराठवाड्यात आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात विद्यार्थी आणि अध्यापक लिहू लागले. १९६७ साली तेथून ‘अस्मिता’ हे नियतकालिक निघाले. तेच पुढे गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ‘अस्मितादर्श’ म्हणून दलित साहित्याचे व्यासपीठ ठरले.

आता महाविद्यालय मुलांच्या दारी आले आहे. पेडणे तालुक्यात विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचे शासकीय महाविद्यालय आहे; डिचोली तालुक्यात साखळीलाही शासकीय महाविद्यालय आहे. बसचा प्रवास वाचला, छपाई सुलभ झाली. तथापि, अलीकडे हाती येणारे बहुतेक वार्षिकांक पाहून आम्ही खिन्न होतो. गुळगुळीत कागदावर मान्यवरांचे संदेश, पारितोषिकांची छायाचित्रे आणि उपक्रमांचे अहवाल. मूल्यांकन समितीपुढे ठेवण्यास योग्य असा दस्तऐवज. विद्यार्थ्याचा स्वतःचा शब्द त्यात शोधावा लागतो. मुले लिहीत नाहीत असे नव्हे. ती भ्रमणध्वनीवर दिवसभर लिहितात. पण ते लेखन कोणी तपासत नाही, त्याची वेलांटी कोणी सुधारत नाही आणि विरुद्ध मताचा मजकूर त्याच्या शेजारी त्याच दोऱ्यात बांधला जात नाही.

मोपाच्या पठारावर २०२३ पासून विमाने उतरत आहेत. त्या पठारावर पूर्वी ज्यांची गुरे चरली, त्यांची नातवंडे आज पदवीचे शिक्षण घेत आहेत. कोणाची जमीन गेली, कोणाला नोकरी मिळाली, गावात कोण आले, कोण गेले, हे त्यांच्याइतके जवळून दुसऱ्या कोणी पाहिलेले नाही. त्यांनी ते लिहिले नाही, तर त्या पठाराचा इतिहास केवळ कागदोपत्री करारांत उरेल.

म्हणून आपल्या घराण्यांना आमची दोन मागणी आहेत. माळ्यावर एखादा जुना वार्षिकांक वा शाळेचे हस्तलिखित असेल, तर ते पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात नेऊन दाखवावे. तेथे ठेवून घेता येत नसेल, तर निदान पोथ्यांच्याच फडक्यात बांधावे. आणि आपल्यापैकी जे महाविद्यालयांच्या कार्यकारिणीवर आहेत, त्यांनी संपादनाचे काम खरोखरच मुलांच्या हाती सोपवावे. न पटणारा लेख आला, तर तो वगळण्याऐवजी त्याचे उत्तर लिहिणारा दुसरा विद्यार्थी शोधावा. त्याला चार पाने अधिक लागतील. तेवढ्या कागदाचा खर्च आपल्या घराण्यांना जड नाही.