रेला आणि माझ्या चार कॉर्ड

सूरजागडच्या पावसात गिटार फुगते. लाकूड हवेतली ओल शोषून घेतं, समोरची पातळ फळी वर उचलली जाते, तिच्यावरची घोडीही वर येते आणि तारा फ्रेटपासून लांब जातात. साध्या अकूस्टिक गिटारीत बाराव्या फ्रेटपाशी जाड तारेखाली अडीच-पावणेतीन मिलिमीटर जागा असावी. माझ्या गिटारीत पावसाळ्यात ती चारच्या वर गेली होती. मी कधी मोजलीच नव्हती. बोटं सोलून निघत होती आणि मी समजत होतो की रियाज असाच असतो. तंबोरा-पेटीच्या घरात वाढल्यामुळे असेल, सोसण्याला मी साधना मानत आलो होतो. त्यात तार दोन फ्रेटच्या बरोबर मधे दाबायची माझी सवय. फ्रेटच्या अगदी मागे बोट टेकवलं तर निम्म्या जोरात सूर स्वच्छ येतो. हे कळेपर्यंत मनगट दुखावलं होतं.

मी एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात शिक्षक म्हणून आलो. खोलीवर पत्रे. पावसाळ्यात ओल, तर मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या दिवसांत, गिटारीचं लाकूड इतकं सुकायचं की फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहाताला बोचायची. शिकवायला जवळपास कुणी नव्हतं. नेटवर्क मिळालं की मी व्हिडिओ उतरवून घ्यायचो.

तिसरी तारही मीच तोडली. मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये जी यायला हवा होता. तो ओलांडून मी पुढे गेलो होतो, आणि तार सैल करायची सोडून तो पुन्हा दिसेल म्हणून त्याच दिशेने खुंटी पिळत राहिलो. कान शाबूत असता तर त्या वाढत्या ताणानेच थांबवलं असतं. पण मी ऐकत नव्हतो, पडद्याकडे बघत होतो. नवी तार चंद्रपूरहून येईपर्यंत पाच तारांवर वाजवलं.

न ऐकण्याची ही चूक नुसती तारेपुरती राहिली नाही, म्हणून सांगतो. आमच्या शाळेतली बरीच मुलं माडिया आदिवासी. जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते, तेव्हा रात्री ढोलावर रेला नाच चालतो. हातात हात गुंफलेले, पावलं एकत्र पडणारी, गाणं त्या पावलांवर चालणारं. मला ते फार आवडलं. आणि जे आवडलं त्याला कॉर्ड लावाव्यात, असं मला वाटलं. तेव्हा जी, सी, डी आणि ई मायनर एवढंच येत होतं.

कॉर्ड बदलताना माझा उजवा हात थांबायचा. प्रत्येक शिकाऊ माणसाचा थांबतो, कारण डाव्या हाताची बोटं जागेवर जाईपर्यंत तो वाट बघतो. थांबायचं नसतं. बोट चुकलं तरी उजवा हात चालू ठेवायचा असतो. सूर चुकलेला ऐकणाऱ्याला खपतो, ताल तुटलेला खपत नाही. मुलं गाताना कधीच थांबत नव्हती. एका मुलीनं विचारलंही, "सर, तुम्ही मधेच का थांबता?" मी उत्तर दिलं नाही. शाळेच्या २६ जानेवारीच्या कार्यक्रमासाठी मी मुलांनाच माझ्या हाताच्या चालीनं गायला लावलं. माइकसमोर रांगेत उभं केलं, नाच बंद केला, कारण पावलांच्या आवाजात माझी गिटार ऐकू येत नव्हती.

टाळ्या पडल्या. मागे बसलेल्या आया मात्र गप्प होत्या. त्यांच्या मुलांच्या अंगातून त्यांचंच गाणं मी काढून घेतलं होतं, आणि ते त्यांना दिसत होतं. याची लाज अजून जात नाही. मी शिक्षक होतो, त्यामुळे मुलं नाही म्हणू शकत नव्हती.

नंतर मी कॉर्ड बाजूला ठेवल्या आणि ऐकायला बसलो. तेव्हा लक्षात आलं की मुलांचा एक सूर माझ्या दोन फ्रेटच्या मधे पडतो. गिटारीचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग पाडून कायमचे ठोकलेले असतात. त्यांच्या मधल्या जागा मिळवायला गिटारवादक ब्रिजभूषण काब्रांनी गिटार आडवी ठेवून तारांवर धातूची पट्टी फिरवली. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ती मींड, सुरावरून सुरावर घसरत जाणं, ऐकू येते. ते माझ्या आवाक्यातलं नव्हतं. मी एवढंच केलं की सहावी, सर्वांत जाड तार ई वरून डी वर उतरवली. मग सहावी, पाचवी आणि चौथी तार मोकळी छेडली की डी-ए-डी, म्हणजे सा-प-सा मिळतो. मुलांचा सा जिथे असेल तिथे कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, सरकवायचा आणि अंगठ्यानं पावलांच्या ठेक्यावर तेवढंच वाजवत राहायचं. डाव्या हाताला काम नाही, त्यामुळे उजवा थांबत नाही.

आता मुलं नाचतात तेव्हा मी कडेला बसतो. ढोल असला की गिटार ऐकू येत नाही, आणि त्याचं काही वाटत नाही. पावसाळ्यात गिटार पेटीत ठेवतो, सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. एफ कॉर्ड अजून वाजत नाही. पहिल्या फ्रेटवर एका बोटानं सहाही तारा दाबायच्या असतात आणि माझ्या गिटारीच्या वरच्या पट्टीतल्या खाचा उथळ आहेत, त्यामुळे तिथे तारा फार उंच राहतात. कानस घेऊन त्या स्वतःच खोल करायचा विचार मनात आला होता. जास्त घासलं गेलं तर पट्टीच बदलावी लागते. दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला कारागिराकडे नेणार आहे.