रेडवुडच्या बुंध्याशी

रेडवुडचं झाड बुंध्याशी उभं राहून दिसतच नाही. इथली काही झाडं नव्वद मीटरच्याही वर गेलेली. शेंडा फांद्यांत आणि धुक्यात कुठंतरी. मान मोडेस्तोवर वर बघायचं आणि दिसते ती फक्त साल. उत्तर कॅलिफोर्नियातल्या प्रेअरी क्रीकहून जेम्स आयर्विन ट्रेलला लागले, आणि थोड्याच वेळात तो नाद सोडून खाली बघत चालू लागले. एकटी होते, त्यामुळे कुठंही उकिडवं बसायची मुभा होती.

बुंध्यांभोवती आंबुशी माजली होती. आपल्या कुंड्यांत आगंतुक उगवते त्याच कुळातली, पण थोराड. एका पट्ट्यात ऊन उतरलं होतं. तिथली पानं मिटल्या छत्रीसारखी खाली दुमडलेली, हातभर पलीकडं सावलीतली सपाट पसरलेली. सावलीत वाढणाऱ्या या रोपाला थेट ऊन सोसत नाही. शेजारच्या आडव्या खोडावरून बनाना स्लग, म्हणजे वीतभर लांबीची पिवळी बिनशंखाची गोगलगाय, सावकाश निघाली होती. सालीच्या भेगेत बोट घातलं तर ते पुरतं आत गेलं. जुन्या झाडांची साल फूटभरही जाड असते, तिच्यात राळ नसल्यात जमा. म्हणून वणव्यात बुंधा पोखरला गेला तरी झाड वर हिरवंच.

जगातलं सर्वांत उंच झाड, ११५ मीटरहून उंच हायपेरियन, याच परिसरात २००६ मध्ये सापडलं. मग हौशी लोकांनी त्याच्या मुळांवरची जमीन इतकी तुडवली की आता तिकडं जायला बंदी आहे. बरंच झालं. बुंध्याशी जाऊन त्यांना तरी काय दिसलं असणार?

फर्न कॅन्यनमध्ये मात्र मान वर करावीच लागते. होम क्रीकच्या दोन्ही बाजूंना पंधराएक मीटरच्या उभ्या भिंती, वरपासून खालपर्यंत फर्न, आणि पानापानांतून ठिबकणारं पाणी. स्पीलबर्गच्या १९९७ च्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’मधली काही दृश्यं इथलीच. ओढ्यातून बूट भिजवत खाली उतरलं की समोर गोल्ड ब्लफ्स बीच. १८५० च्या दशकात इथल्या वाळूत सोन्याचे कण सापडले होते. माझ्या वाट्याला पोळीभाजीतली वाळू आली.

किनाऱ्यालगत जरा पुढं गेले तर रूझवेल्ट एल्कचा कळप वाटेवर आडवा. भल्यामोठ्या शिंगांच्या नराशी सलगी करायची नसते, म्हणून लांबच थांबले. अजून मायनर्स रिजचा चढ बाकी होता आणि अंधाराच्या आत गाडी गाठायची होती. नरानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि वाटेतच बसकण मारून रवंथ सुरू केलं. शेवटी मीच समुद्राच्या बाजूनं लांबचा वळसा घातला.