संदर्भसूचीत अम्मी नाही

शाहीर अमर शेखांवरचा लेख संशोधन-नियतकालिकाला पाठवायचा होता. नवी पेठेत श्रीलिपीत टाइप करून घेतला. युनिकोडमध्ये नेताच जोडाक्षरे विस्कटली. दोन रात्री त्यातच गेल्या.

मग संदर्भसूची. बार्शीचे, १९१६ साली जन्मलेले महबूब हुसेन पटेल ‘प’खाली लावायचे की ‘श’खाली? ‘कलश’वर छापलेले नावच धरले: शेख, अमर.

अम्मीने लहानपणी मैदानात त्यांचा आवाज ऐकलेला. पण नियमावलीप्रमाणे तोंडी आठवण फक्त मजकुरात, कंसात येते; सूचीत नाही. शिवाय परीक्षकांना लेखक कळता कामा नये, म्हणून माझे नाव काढले. अम्मीच्या आडनावावरूनही ओळख पटली असती. तिथे ‘एक वृद्ध श्रोती’ केले.

वाचून दाखवले, तर अम्मी म्हणाली, “मेरा नाम किधर है गे?”

फाइल अजून पाठवलेली नाही.