धान्याची टोपली

चार्ली गूल्डला लोक म्हणत 'बुशेल बास्केट', म्हणजे धान्य मापायची टोपली! हातमोजे नसतानाही पहिल्या बेसवर हा गडी चेंडू अचूक टिपायचा. १८६९ चा सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा बेसबॉलमधला पहिला उघड व्यावसायिक संघ, वर्षभर अजिंक्य. त्यात मूळचा सिनसिनाटीचा हा एकटाच. पगार हंगामाला ८०० डॉलर.

जून १८७० मध्ये ब्रुकलिनला अकराव्या डावात त्याचीच फेक भरकटली आणि संघ ८-७ असा हरला.

पुढे त्याने आपल्याच गावात पोलिसाची नोकरी केली. गस्तीवर कुणी ती फेक काढत असेल का हो? आमच्या बाबांनी कॉलेजात सोडलेला झेल काका अजून दर दिवाळीला काढतात. बाबा मुकाट्याने चकली खातात.