जावाची दैनंदिनी : एका अंगणातले दोघे

योग्यकर्ता, सोमवार

जावात आलेल्या मराठी प्रवाशाच्या तोंडी एक वाक्य हटकून येतं : 'वरून मुसलमान, आतून हिंदू.' प्रंबाननची देवळं आणि वायांग या छायानाट्यातले पांडव पाहिले की ते पटतंही. इथलं पंचांग मात्र त्याला आडवं येतं. मातरम राज्याच्या सुलतान अगुंगाने 1633 साली शकाचा 1555 हा आकडा न मोडता पुढे चालू ठेवला आणि वर्ष हिजरीसारखं निव्वळ चांद्र केलं. अधिक मास नाही, म्हणून ते आपल्या वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी आखूड पडतं. 2024 मध्ये आपल्याकडे शके 1946 लागलं, तर जावात 1958. यातलं वरचं कोणतं आणि आतलं कोणतं? डचांकडून बटाव्हिया (आजचं जकार्ता) घेण्याचे अगुंगाचे दोन प्रयत्न नुकतेच फसले होते. दरबाराचे आणि मशिदीचे सण एका तारखेवर आणण्यात त्याचं राजकारणही असणारच.

कौमान, मंगळवार

यावर कुणी म्हणेल, ही दरबारी तडजोड झाली. सोवळा इस्लाम तिच्याबाहेर वाढला. पण रूढींवर कोरडे ओढणारी मुहम्मदिया संघटना 1912 मध्ये निघाली ती योग्यकर्त्याच्या राजवाड्याला लागून असलेल्या याच वस्तीत, आणि तिचे संस्थापक अहमद दहलान सुलतानाच्याच मोठ्या मशिदीत खतीब होते. पैगंबरजयंतीच्या सेकातेन उत्सवात राजवाड्यातले दोन गामेलान वाद्यसंच त्याच मशिदीच्या अंगणात आणून वाजवतात. रूढी आणि तिचा टीकाकार, दोघेही घरचेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार : मग श्रद्धा म्हणजे सत्तेच्या हातचं बाहुलं? तसं असतं तर सत्तेने डोळे वटारताच ती विरली असती. 1965-66 मध्ये इंडोनेशियात कम्युनिस्टांची कत्तल झाली. त्यानंतर, धर्म नाही तो कम्युनिस्ट या संशयापायी, मान्यताप्राप्त धर्म नसणं धोक्याचं ठरलं. असंख्य जावानीज ख्रिस्ती झाले, काही हिंदूही. गूढसाधनेचे पंथ धर्मखात्यात बसेनात, म्हणून 1978 मध्ये ते संस्कृतीच्या खात्याकडे गेले. तरी ते टिकले, आणि 2017 मध्ये घटना न्यायालयाने त्यांची श्रद्धा ओळखपत्रावर नोंदवायला मुभा दिली.

त्याच वर्षी त्याच न्यायालयाने स्त्रीला योग्यकर्त्याचं गव्हर्नरपद मोकळं केलं. 2012 च्या कायद्याने इथला सुलतान निवडणुकीविना गव्हर्नर होतो. सुलतान दहाव्या हमेंगकुबुवोनोंना मुलगे नाहीत. 2015 मध्ये त्यांनी आपल्या बिरुदातलं 'खलिफतुल्लाह' (अल्लाहचा खलिफा) गाळलं आणि थोरल्या मुलीला मांगकुबुमी ही वारसाची पदवी दिली. सुलतानाच्या भावांनी उघड विरोध केला. त्यांच्या तक्रारीत धर्म होता, रूढी होती, आणि गादीमागोमाग चालत येणारं गव्हर्नरपदही होतं.