कर्ज काढण्याआधी विचारलं पाहिजे

फ्रिस्कोच्या महापालिकेपुढे मे महिन्यात कधीकधी एक विषय येतो आणि पाच-दहा मिनिटांत निकाली निघतो. बातमीदार त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. तो असतो मतदानाच्या निकालावर शिक्कामोर्तब करण्याचा. टेक्ससमधलं हे शहर दोन काउंट्यांत वाटलेलं आहे, थोडं कॉलिनमध्ये, थोडं डेंटनमध्ये. मतमोजणीही दोन्हीकडे वेगळी होते. मग दोन्हीकडचे आकडे सभागृहापुढे मांडून त्यांची बेरीज करतात, ठरावाला हात वर होतात आणि तेव्हा कुठे निकाल कायदेशीर ठरतो. मतदानाच्या रात्री टीव्हीवर दिसलेला आकडा तोवर कच्चाच असतो. परदेशातल्या सैनिकांची टपाली मतं यायची असतात. नोंदणीचा किंवा ओळखपत्राचा घोळ झाला म्हणून बाजूला ठेवलेल्या मतपत्रिकाही तपासायच्या असतात. म्हणून कायद्याने तिसऱ्या ते अकराव्या दिवसापर्यंतची मुदत दिली आहे.

या कामापुरती गणसंख्या फक्त दोन सदस्यांची. एरवीच्या कामाला दोघं पुरत नाहीत, इथे पुरतात, कारण ठरवायचं काहीच नसतं. लोकांनी ठरवलेलं असतं. सभागृहाला त्या आकड्यात एका मताचाही फरक करता येत नाही, तो फक्त मान्य करायचा. भिवंडीत वाढलेल्या मला या गोष्टीचं जेवढं अप्रूप वाटतं, तेवढं इथल्या रुंद रस्त्यांचं आणि काचेच्या इमारतींचं कधीच वाटलं नाही.

कारण इथे कधीकधी मतदान नुसतं माणसं निवडण्यासाठी नसतं, कर्जासाठीही असतं. ६ मे २०२३ला शहराने पाच प्रश्न विचारले. पोलीस आणि अग्निशमन दलाच्या कामांसाठी १३ कोटी १४ लाख डॉलरचे रोखे काढू का? रस्त्यांसाठी २४ कोटी? उरलेले तीन प्रश्न शहराच्या इमारती, बागा आणि करमणुकीच्या सोयींचे होते. सगळं मिळून ४७ कोटी ३४ लाख डॉलर. प्रत्येक प्रश्नाला वेगळं ‘हो’ किंवा ‘नाही’. रस्ते हवेत पण इमारत नको, असं म्हणायची मोकळीक. राज्याच्या २०१९च्या कायद्यामुळे मतदानाआधी शहराला एक कागद काढावा लागतो. मुद्दल किती, व्याज अंदाजे किती, दोन्ही मिळून फेड किती आणि एक लाख डॉलर किमतीच्या घराचा कर वर्षाला किती वाढेल, हे त्यावर छापलेलं असतं. घरपट्टीच्या दराचेही दोन भाग असतात, एक रोजच्या कारभाराचा, दुसरा निव्वळ कर्जफेडीचा. आपण भरलेल्या पैशातून जुन्या कर्जापोटी किती गेलं, हे ज्याचं त्याला कळतं.

त्या वर्षी पाचही प्रश्नांना ‘हो’ मिळालं. शिक्कामोर्तब झालं तरी रोखे लगेच विकले जात नाहीत. काम निघेल तसे टप्प्याटप्प्याने काढतात, आणि प्रत्येक वेळी राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयाची मंजुरी लागते.

पण मला जास्त मोलाचं वाटलं ते ‘नाही’. ३ मे २०२५ला फ्रिस्कोने मोठं नाट्यगृह उभारण्याबद्दल दोन प्रस्ताव मांडून विचारलं. तो प्रश्न घरपट्टीतून फेडायच्या कर्जाचा नव्हता, विक्रीकराच्या पैशाचा होता. महापौर जेफ चेनी यांनी प्रकल्पाची बाजू हिरिरीने मांडली होती. मराठी नाटकांचे दौरे इथे शाळांच्या सभागृहांत भागवून घेतात, त्यामुळे माझाही जीव त्यात अडकला होता. लोकांनी दोन्ही प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळले. ज्या सभागृहाने हा प्रश्न मतदारांपुढे नेला, त्यालाच लोकांचा नकार अधिकृत म्हणून नोंदवायचा होता, आणि त्याने तो नोंदवला. मला हवं होतं ते झालं नाही याचं दुःख आहे, पण हे ज्या रीतीने झालं नाही त्या रीतीबद्दल मनात आदरच आहे.

आता भिवंडी. कामवारीकाठचं माझं गाव यंत्रमागांवर जगतं. सायझिंगच्या भट्ट्या, बीम वाहणारे टेम्पो, ग्रे कापडाचे तागे आणि रात्रपाळीचा खडखडाट, ज्याच्या सवयीमुळे मला परदेशातल्या शांततेत पहिले काही महिने झोप लागत नव्हती. आमच्या ब्राह्मण आळीतल्या घराची घरपट्टी वडील वेळेवर भरत. पावत्या तारेत ओवून ठेवलेल्या असत. त्या पैशाचं काय झालं, शहरावर कर्ज किती, ते कशासाठी काढलं, असं कुणी त्यांना कधी सांगितलं नाही. विचारायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. २००७च्या जानेवारीत शहराचं वीजवितरण टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे गेलं. देशातला तो तशा स्वरूपाचा पहिलाच प्रयोग. त्यातून गळती कमी झाली, हे खरं. वाढीव बिलांवरून मोर्चे निघाले, हेही खरं. पण लूम ज्या विजेवर चालतात तिचा कारभार कुणाकडे द्यायचा, हे लूमवाल्यांना मतपेटीतून कुणी विचारलं नाही.

महापालिकांनी रोखे काढणं आपल्याकडे नवं नाही. बंगळुरूने १९९७मध्ये काढले, अहमदाबादने १९९८मध्ये राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटी उभे केले, मागोमाग नाशिक आणि नागपूर आले. सेबीने २०१५मध्ये नियम केले. २०१७च्या जूनमध्ये पुण्याने चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटी उभारले, व्याज ७.५९ टक्के. पतमानांकन संस्थांनी पुण्याला विचारलं, गुंतवणूकदारांनी विचारलं, राज्य सरकारची संमती घेतली, कारण १९४९च्या महापालिका कायद्यात ती लागतेच. ज्याच्या घरपट्टीतून आणि पाणीपट्टीतून फेड व्हायची, तो पुणेकर या साखळीत फक्त नगरसेवकापुरता होता. पुणेकराला निदान नगरसेवक तरी होता. भिवंडीत मे २०१७ला निवडून आलेल्या ९० जणांची मुदत २०२२च्या जूनमध्ये संपली आणि पुढची साडेतीन वर्षं सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार एका प्रशासकाच्या हातात होते. ठराव मांडणाराही तोच आणि मंजूर करणाराही तोच.

फ्रिस्कोने नाट्यगृह नाकारलं त्याच्या तिसऱ्या दिवशी, ६ मे २०२५ला, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या रखडलेल्या स्थानिक निवडणुकांची अधिसूचना चार आठवड्यांत काढायला सांगितलं. ती बातमी मी फोनवर भिवंडीतल्या माझ्या दादाला वाचून दाखवली. तो म्हणाला, “होऊ दे तर खरं.” प्रत्यक्ष मतदान १५ जानेवारी २०२६ला झालं.

दादाशी माझा वाद होतो तो इथेच. “कर्जासाठी मतदान घेतलंस ना ताई, तर भिवंडीत सगळे नाहीच म्हणतील,” असं तो म्हणतो. मी धाकटी, पण वादाला उभी राहिले की तो मला ताई म्हणतो. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. घरपट्टीची थकबाकी वर्षानुवर्षं साचते, व्याजमाफीच्या अभय योजना निघतात, आणि वेळेवर भरणाऱ्याला आपणच मूर्ख ठरलो असं वाटतं. अशा गावात कर्जाला ‘हो’ कोण म्हणेल? पण लोक नाही म्हणतील या भीतीने त्यांना विचारायचंच नाही, हे मला पटत नाही. शहाड-टेमघर योजनेचं पाणी आपल्या नळाला किती वेळ येतं, हे भिवंडीतल्या बाईला घड्याळ न बघता सांगता येतं. तिला मुद्दल, व्याज आणि पाण्याचे वाढणारे तास एका कागदावर लिहून दिले, तर ती वाचेल आणि विचार करून उत्तर देईल. नाही म्हणाली, तर त्या नाहीतूनही कारभाऱ्यांना काही कळेल.

टेक्ससमध्येही सगळं सरळ नाही. मतदारांना न विचारता कर्ज काढण्याचा एक मार्ग इथल्या कायद्यात आहे. शहराने नोटीस द्यायची आणि ५ टक्के मतदारांनी सह्या करून हरकत घेतली नाही, तर कर्ज मोकळं. मे महिन्यातल्या मतदानाला येतातही थोडेच, त्यात वयस्क घरमालक जास्त. आणि मला सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. माझ्या आसपासची कितीतरी मराठी कुटुंबं व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर आहेत. त्यांनी घरं घेतली, ती घरपट्टी भरतात, त्यांची मुलं इथल्याच शाळांत जातात, पण नागरिक नाहीत म्हणून त्यांना मत नाही. कित्येक वर्षं मीही त्यांच्यातलीच होते. शहराच्या कर्जाचे हप्ते भरायचे, पण कर्ज हवं की नको हे सांगायचं नाही.

भिवंडीत हेच दुसऱ्या रूपात आहे. उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले लूमचे कारीगर चाळीतल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपतात, खोलीचं भाडं भरतात, आणि त्या भाड्यातच मालकाची घरपट्टी असते. ते या देशाचे नागरिक आहेत, पण अनेकांची नावं मतदारयादीत गावाकडेच राहिली आहेत. गटार तुंबलं की पाणी पहिलं त्यांच्या खोलीत शिरतं. म्हणून फ्रिस्कोची रीत जशीच्या तशी उचलून भिवंडीत आणावी, असं मी म्हणत नाही. तिथे नुसत्या मतदारयादीवर विसंबलं, तर शहर ज्यांच्या अंगमेहनतीवर उभं आहे तेच वगळले जातील.

पण कर्ज काढण्याआधी सगळ्यांना विचारायचं, तर त्यासाठी नवा कायदाही लागणार नाही. महाराष्ट्राने २००९मध्ये क्षेत्रसभांची तरतूद केली आहे. काही मतदान केंद्रांचे मतदार एकत्र बसवून त्यांच्या भागातल्या कामांवर बोलायचं, अशी ती योजना. कागदावर आहे, बसवत कुणी नाही. नव्या महापालिकेने कर्जाचा किंवा रोख्यांचा प्रस्ताव राज्य सरकारकडे पाठवण्याआधी तो प्रभागाप्रभागांत अशा सभांपुढे ठेवावा. व्याजासकट आकडे मराठीत, उर्दूत, हिंदीत आणि पद्मानगरच्या तेलुगू भाषकांसाठी तेलुगूत छापावेत. यादीत नाव नसलेल्या कारीगरालाही सभेत बोलू द्यावं. किती जण हो म्हणाले, किती नाही, हे सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात लिहावं. कायद्याने तो कौल बंधनकारक नसेना का, सभागृहाला तो मोठ्याने वाचावा तरी लागेल.

दादाला मी हे सगळं मुद्देवार लिहून पाठवलंय. त्याच्या प्रभागाचे नवे नगरसेवक रविवारी लोकांना भेटतात असं तो म्हणाला, आणि कागदाच्या उर्दू प्रतीसाठी शेजारच्या लूमवाल्या मित्राला विचारतो म्हणाला.