धुऱ्यावरचा शिंजीर

जांभळा शिंजीर जेमतेम १० सेंटीमीटर लांबीचा, वजनाने १० ग्रॅमही न भरणारा पक्षी आहे. भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरसारख्या गावात तो सहज दिसतो. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा मुलूख. बांध्यांच्या धुऱ्यावर पळस आणि बाभळी, घरामागच्या सांदवाडीत जास्वंद आणि शेवगा. एवढ्यावर त्याचे भागते. पक्षी पाहायला लोक नागझिऱ्याला जातात ते योग्यच, पण या पाखराला जंगलाची अट नाही.

विणीच्या काळात नर लांबून काळा दिसतो. ऊन पडले की त्याच काळ्यातून निळी-जांभळी झळाळी उमटते. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो तेव्हाच ती दिसते, म्हणून सावलीत ती विझते. मादी वरून तपकिरी, खालून फिकट पिवळी. तिच्यापुढे नाचताना नर पंख उघडतो आणि बगलेतले पिवळे-केशरी झुबके दाखवतो.

चोच लांब व बाकदार, जीभ नळीसारखी. अमेरिका खंडातला हमिंगबर्डही असाच मकरंद पितो, पण तो याचा नातलग नाही. दोन वेगळ्या कुळांनी एकाच अन्नासाठी सारखे रूप घेतले आहे. हमिंगबर्ड हवेत तरंगत पितो, शिंजीर बहुधा डहाळीला धरून. फूल फार लांब नळीचे असले, तर हा बुडाशी छेद पाडून मकरंद काढून घेतो आणि परागकणांना शिवतही नाही.

पळसाशी मात्र त्याचे देणेघेणे चोख आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये धुरे केशरी होतात तेव्हा फुलांवर नाना पाखरे येतात. दिल्ली विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पळसाला भेट देणारे सात जातींचे पक्षी नोंदले गेले. त्यांतला परिणामकारक परागवाहक एकटा जांभळा शिंजीर ठरला. पक्ष्यांखेरीज खारीनेही ते काम केले. म्हणजे धुऱ्यावरच्या पळसाला शेंग धरते त्यात या मूठभर जिवाचा मोठा वाटा असतो.

आंब्यावरच्या बांडगुळाच्या लांबट फुलांतही तो चोच घालतो. सालिम अली यांनी १९३१ साली कोकणातल्या निरीक्षणांवरून या साखळीवर लिहिले: परागीभवन शिंजिराकडून, बियांचा प्रसार फुलटोच्याकडून. आंब्याच्या मालकाला हे रुचणार नाही, पण पाखराला झाडाच्या मालकीशी कर्तव्य नसते.

मकरंद हे त्याचे निम्मेच जीवन आहे. उरलेले निम्मे कोळ्यावर उभे आहे, आणि तेच नजरेतून सुटते. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी एकटी घरटे बांधते. गवताच्या काड्या, सालीचे तुकडे, वाळकी पाने कोळिष्टकाने सांधून ती डहाळीला लोंबती पिशवी करते. बाजूला दार, दारावर छोटेसे छप्पर. बाहेरून अळ्यांची विष्ठा व कचरा चिकटवल्याने घरटे अडकलेल्या केरासारखे दिसते. अंगणातल्या तारेवर असले तरी कित्येकदा कळत नाही. त्यात बहुधा दोन अंडी असतात. मादी साधारण पंधरा दिवस ती उबवते. भरवायला मात्र नरही येतो, आणि चोचीत आणतो किडे, अळ्या, कोळी. वाढत्या पिलाला प्रथिने लागतात, ती साखरपाण्यात नसतात. म्हणूनच फुलांनी भरलेली पण कीटकनाशकाने धुतलेली बाग प्रौढ शिंजिराला पोसेल, त्याची पिले नाही. आणि जाळी रोज झाडून काढणाऱ्या घराभोवती मादीला सांधायला धागाही मिळणार नाही.

या दिवसांत नर हद्दीबाबत फार तापट होतो. मोटारसायकलच्या आरशातले आपलेच रूप त्याला प्रतिस्पर्धी वाटते आणि तो काचेवर चोची मारत राहतो. आरशावर फडके टाकले की त्याची सुटका होते.

वीण आटोपल्यावर नराची झळाळी उतरते. तो जवळजवळ मादीसारखा होतो. गळ्यापासून पोटापर्यंत गडद पट्टा तेवढा उरतो. पुढच्या विणीआधी नवी पिसे येऊन तो पुन्हा जांभळा होतो.